चौकातला माझा पत्ता

प्रथम क्षमा मागते. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा लिहायला बसलेल्या बाईने वाचकांचा वेळ घ्यावा, एवढा माझा अधिकार नाही. आयुष्यभर मी इतरांचे लिखाण तपासले. स्वतः लिहिण्याचे धाडस कधी केले नाही. परंतु घरच्या माणसांसमोर जे चार शब्द मला उच्चारता आले नाहीत, ते वर्षभर तसेच राहून गेले आहेत. बोलता आले असते तर लिहिले नसते.

मी सोलापुरात आईसोबत राहते. लग्न केले नाही. एका कंपनीसाठी माहितीपटांची मराठी उपशीर्षके तपासण्याचे काम घरी बसून करते. लॅपटॉप आणि इंटरनेट असले की हे काम कुठूनही करता येते, हे ठाऊक असूनही मी कधी स्टेशनपलीकडे गेले नव्हते. गेल्या वर्षी धीर करून विचारले आणि कंपनीने थायलंडमधून महिनाभर काम करण्यास संमती दिली. आम्ही बौद्ध; तिथले विहार एकदा डोळ्यांनी पाहावेत ही जुनी इच्छा होती.

मग सल्ले सुरू झाले. मामी म्हणाली, गळ्यात काही घालू नकोस. काका म्हणाले, दिवे लागायच्या आत खोलीवर. आतेबहिणीने बजावले, "कुणी कितीबी गोड बोललं तरी पत्ता सांगू नको बघ." मी सगळे ऐकले आणि त्यापलीकडेही पुष्कळ वाचले. तिथे राहून काम करण्याची मुभा देणारा व्हिसा घेतला. पासपोर्टाच्या प्रती तीन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्या. हॉटेलातल्या खुल्या वायफायवर कंपनीची फाइल उघडायची नाही, एखादे ठिकाण सोडल्याशिवाय तिथला फोटो कुणाला पाठवायचा नाही, असे नियम स्वतःला घालून घेतले. मला माझी चिंता नव्हती. चिंता आईची होती. ती शहात्तर वर्षांची, मधुमेही, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेणारी, आणि महिनाभर घरात एकटी.

म्हणूनच तो कागद केला. माझ्या पासपोर्टाचा क्रमांक, विमानांच्या तारखा, राहण्याच्या इमारतीचे नाव, खोलीचा क्रमांक, आईचा फोन नंबर, असे सारे एका पानावर टंकून पाकिटात घातले आणि दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या थोरल्या भावाकडे नेऊन दिले.

"दादा, मला काही झालं तरच उघड. कुणाला दाखवू नकोस."

"अगं व्हय की. मी काय ल्हान हाय का?"

दादाने त्याच दिवशी पाकीट उघडून कागद लॅमिनेट करून घेतला. हरवू नये म्हणून.

मी पोहोचल्याच्या चौथ्या दिवशी आतेबहिणीने कौतुकाने एक फोटो पाठवला. आमच्या चौकात फ्लेक्स लागला होता. 'आमच्या भगिनींना परदेशगमनाबद्दल हार्दिक शुभेच्छा.' माझा फोटो, जाण्याची तारीख, येण्याची तारीख, शहर, इमारतीचे नाव. खाली गॉगल लावलेला दादा आणि बारा शुभेच्छुक. दादाचा फोटो माझ्याहून मोठा होता. मी लगेच फोन केला.

"दादा, तो फ्लेक्स उतरव."

"का गं? लोकं थांबून वाचायलेत. आपल्या गल्लीतनं अशी कोण गेलती सांग."

"त्यावर माझा पत्ता आहे."

"मग? हितनं तितं कोण येणार हाय तुला धरायला?" तो हसला. "लई लाजतेस बघ तू. नाव झालं की तुझं."

मी फोन ठेवून दिला. माझ्या वाट्याची चूक ती. त्यावेळी मी ओरडायला हवे होते. भावकीतल्याच फ्लेक्सवाल्याला तारखा अचूक मिळाव्यात म्हणून दादाने त्या लॅमिनेट केलेल्या कागदाचा फोटो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता आणि तो तिथून आणखी किती ग्रुपांवर गेला, हे तर मला फार उशिरा समजले.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. रोज सकाळी, सोलापुरात साडेआठ वाजले की, मी आईला फोन करीत असे. त्या दिवशी तिचा फोन सतत व्यस्त लागला. नऊला व्यस्त, दहाला व्यस्त. दादाला सांगितले.

"बोलत असंल की कुणाशी तरी. म्हातारीला मोबाईल घेऊन दिलाय तर बोलू दे."

"जाऊन बघून ये ना."

"जातो दुपारी. तू तितं बसून हितली काळजी करू नको."

मी स्वतःला समजावीत काम करत राहिले. बारा वाजून गेले तेव्हा शेजारच्या अक्कांना फोन लावला. अक्का विणकरांच्या घरातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. त्या हातातले काम टाकून गेल्या. आत काय दिसले ते त्यांनीच मला सांगितले.

आई लाकडी खुर्चीत ताठ बसली होती. समोर टेबलावर पिठाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला. पडद्यावर पोलिसी गणवेशातला माणूस. तुमची मुलगी अमली पदार्थांसह पकडली गेली आहे, तुम्ही कॅमेऱ्यासमोरून हललात किंवा कुणाशी बोललात तर ती तिथल्या तुरुंगात जाईल, असे त्याने सकाळी साडेसातलाच सांगितले होते. पासपोर्टाचा क्रमांक सांगितला, खोलीचा क्रमांक सांगितला. आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वर्गात साहेब आले की उभे राहायचे, इतकी सवय अंगात मुरलेली. ती पाच तास हलली नाही. इन्सुलिन घेतले नाही, पाणी प्यायली नाही.

अक्कांनी मोबाईल उचलला. "साहेब, तुमचं ठाणं कुटलं, सांगा की. आमी रिक्षा करून येतो, समोरच बोलू." फोन बंद झाला.

आईची साडी ओली झाली होती. "उठू नका म्हणाले होते," एवढेच ती अक्कांना म्हणाली, आणि पदराने खुर्ची पुसू लागली.

हे लिहिताना मला दुःख होत नाही, राग येतो. गणवेशातल्या त्या माणसाला मी ओळखत नाही. त्याच्यावर चिडायचे म्हटले तरी चेहरा समोर येत नाही. दादाचा चेहरा येतो. गॉगल लावलेला.

मिळेल त्या विमानाने मी परतले. आई दोन दिवस दवाखान्यात होती. तक्रार लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याने विचारले, "एवढी माहिती बाहेर गेली कशी?" मी दादाकडे पाहिले. दादाने मोबाईलकडे पाहिले.

रविवारी सगळे घरी जमले. काका म्हणाले, "बाईमाणसानं एकटं जाऊ नये म्हणतात ते उगीच न्हाय." मामीने मान डोलावली. मी पुन्हा गेले तर आईची जबाबदारी कुणी घ्यायची, यावर अर्धा तास चर्चा झाली, जणू मीच आईला त्या खुर्चीत बसवले होते. ज्या परक्या देशाची त्यांनी मला भीती घातली, तिथे वीस दिवसांत मला कुणी धक्कासुद्धा मारला नव्हता. हे मला त्यांना सांगायचे होते. मी चहाचे कप उचलत राहिले. दादा तेवढ्यात म्हणाला, "आमी कौतुक केलं, ते बी चुकलं व्हय?" कुणीतरी हसले. त्या हसण्याबद्दल मी कुणालाही क्षमा केलेली नाही.

आई आता अनोळखी नंबरचा फोन उचलत नाही. ओळखीचा वाजला तरी आधी दचकते. गेल्या महिन्यात कंपनीने पुन्हा विचारले, या वेळी सहा आठवड्यांसाठी. मी नकार लिहायला घेतला होता. आईने मागून वाचले.

"जा," ती म्हणाली. "मी अक्कांकडे झोपायला जाईन. पण तुझा पत्ता मला सांगू नकोस. कुणी दरडावून विचारलं तर मी खरं सांगून बसेन."

मग मी अक्कांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतले आणि हात जोडले. "आईला सांभाळते गं मी. तो कागद नको देऊ. तुझा दादा येऊन मागितला तर सख्ख्या भावाला नाही कसं म्हणू?"

त्यांचे खरे होते. परदेशात मला काही झाले तर निदान एका माणसाला माझा ठावठिकाणा माहीत हवा, हेही खरे आहे. कंपनीला उत्तर द्यायला माझ्याकडे चार दिवस उरले आहेत. तुम्ही माझ्या जागी असता, तर तो कागद कुणाच्या हाती दिला असता?