अक्का त्या फोटोत धूसर का आहे

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अप्पाला नाही, ज्या दोन मित्रांबरोबर सुट्टीत कॅमेरा घेऊन हिंडतो त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

मी नौबादला राहतो, शाळेत चित्रकला शिकवतो. लग्नकार्याचे फोटो काढत नाही. मी काढतो ते भिंतीवर लावायचे, प्रदर्शनातले. माझ्या फोटोत एकच गोष्ट स्पष्ट असते — एखादा हात, एखादं कणीस, म्हाताऱ्याची भुवई — आणि बाकी सगळं विरघळल्यासारखं धूसर. लेन्सचं छिद्र पुरतं उघडायचं, समोरच्या माणसाच्या अगदी जवळ जायचं, आणि मागचं जितकं लांब तितकं चांगलं. लोक म्हणतात, तुमचं नजर ठरवणं फार छान असतं. नजर ठरवणं! काय बघायचं तेवढंच का ठरवतो आपण? काय बघू द्यायचं नाही, तेही ठरवतोच की.

माझा सगळ्यात नावाजलेला फोटो अप्पाचा, माझ्या वडिलांचा आहे. जनवाड्याच्या आमच्या रानात अप्पा बांधावर बसलेत. चेहऱ्यावरची रेघन् रेघ दिसते. मागे फुलावर आलेल्या तुरीतून एक बाई कमरेवर घागर घेऊन येतेय — म्हणजे बाई आहे असं वाटतं, एवढंच. हिरव्या लुगड्याचा एक ओघळ. चेहरा नाही.

ती माझी अक्का.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तेव्हापासून माझं सगळं अक्कानं केलं. ती विशीत असताना तिच्या चेहऱ्यावर आणि हातांवर कोड उठलं. ठरलेलं लग्न मोडलं, पुन्हा कुणी विचारलं नाही. ती जनवाड्यातच राहिली, अप्पाजवळ. मला तिच्या त्या पांढऱ्या डागांचं कधी काही वाटलं नाही — असं मी म्हणत असे. वाटत नव्हतं तर मग...

त्या सकाळी ती नवं लुगडं नेसून आली होती. भाऊ फोटो काढणार म्हणून. मी तिला मागे पाठवत राहिलो.

"आजून किती मागं सरू रे, रेवण? बांध वलांडून जाऊ का?" ती हसत होती.

"आजून थोडं, अक्का."

कॅमेऱ्यावरची एक चकती फिरवली असती, छिद्र लहान केलं असतं, तर अप्पाही स्पष्ट आले असते आणि अक्काही. ऊन भरपूर होतं, उजेड कमी पडला नसता. मला ते माहीत होतं. तेव्हा आळंदच्या एका घराशी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मोठी बहीण गावी असते, एवढंच त्यांना सांगितलं होतं. कोडाचं नाही. हे रक्तातून येतं असं लोकांना वाटतं, सोयरीक मोडते. आणि हा फोटो कलबुर्गीच्या प्रदर्शनात लागणार होता, तिथं मुलीचे काका राहत होते. मी छिद्र पुरतं उघडलं. कला म्हणून — असं स्वतःला सांगितलं.

पण मला सांगायचंय ते हे नाही. हे सांगायला तसं सोपं आहे.

प्रदर्शनाला अक्का माझ्याबरोबर बसनं आली. आपला फोटो भिंतीवर लागलाय, तो बघायला. मी तिला आणणार नव्हतो. तीच निघाली, नाही कसं म्हणणार? दुपारी मुलीचे काका आले. अक्का दोन पावलांवर दारापाशी होती. पाव्हणे आलेत हे तिनं ओळखलं, पदर सावरला, नमस्कार करायला पुढं निघाली. काका फोटोकडे बघत होते.

"व्वा, सर. आन् ही मागची कोण हो?"

मी म्हणालो, "कामाला येती रानात. रोजगारी बाई."

असं म्हणालो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. "माझी अक्का" म्हणायला किती वेळ लागला असता?

अक्का थांबली. जोडायला उचललेले हात तिनं खाली घेतले आणि शेजारच्या फोटोपाशी जाऊन उभी राहिली. तो एका कवाडाच्या कडीचा फोटो होता. काका जाईपर्यंत ती त्या कडीकडे बघत होती. काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. हुमनाबाद गेल्यावर एकदाच बोलली.

"ती मागची बाई चांगली दिसायलीय रे."

मी म्हणालो, "व्हय."

लग्न आळंदला झालं. अक्का आली नाही. "म्हशीचं कोन बघावं? तुमी जावा," म्हणाली. मी आग्रह केला नाही. मला सुटल्यासारखं झालं, हेही आता सांगूनच टाकतो. बायको जनवाड्याच्या घरी आली, पहिल्याच दिवशी अक्काच्या पाया पडली. चार दिवसांनी मला म्हणाली, "हे आधी कामून न्हाई सांगितलात? सांगितला असता तरी मी आले असते की." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. प्रदर्शनात मी काय बोललो ते तिला आजही माहीत नाही.

गेल्या वर्षी मुलगी झाली. बारसं जनवाड्याच्या अंगणात केलं. फोटोसाठी सगळे जमले. बायकोनं बाळ अक्काच्या मांडीवर दिलं. "अक्का, तुमी म्होरं बसा." मी कॅमेरा उचलला. तेवढ्यात अक्कानं बाळ परत बायकोकडे दिलं, उठली आणि बायकांच्या मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

"मी मागंच बरी," ती म्हणाली. "मी म्होरं आले की त्येचं फोकस बिघडतंय."

सगळ्याजणी हसल्या. अक्का रागावली नव्हती, टोमणाही मारत नव्हती. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं, तसं बोलली.

चकती फिरवायची होती. किंवा नुसतं म्हणायचं होतं — अक्का, पुढं ये. सगळे माझ्याकडे बघत थांबले होते. बायकोही थांबली होती.

मी बटण दाबलं.

बाळाचा फोटो फार छान आलाय. पापण्यासुद्धा मोजता येतात.