लपवलेला पिचर

चेंडू रॉनच्या ग्लव्हमध्ये आदळला आणि रॉनने हात बाहेर काढून झटकला. मी वेग मोजणाऱ्या रडारच्या स्क्रीनकडे पाहिलं. ताशी सत्त्याण्णव मैल. मला वाटलं, मशीन बिघडलंय. ते बंद करून पुन्हा सुरू केलं आणि कॉनरला आणखी एक चेंडू टाकायला सांगितला. पुन्हा सत्त्याण्णव.

"मशीनला काही झालेलं नाही," रॉन म्हणाला. "माझ्या हाताला विचार."

कॅनडातल्या बर्नाबीत एका ट्रकिंग कंपनीच्या वेअरहाउसला लागून जाळ्या लावलेला लांबलचक हॉल आहे. नोव्हेंबरात इथला पाऊस हटत नाही, म्हणून बेसबॉलवाले तिथे सराव करतात. हॉल रॉनचा. तो जुना कॅचर, चेंडू झेलून झेलून बोटं वाकडी झालेली. कॉनर आमच्या क्लबचा डावखुरा पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा. कोपराच्या ऑपरेशनमुळे जवळजवळ दोन सीझन घरी होता आणि बहिणीच्या बेसमेंटमध्ये राहत होता. ऑपरेशनच्या आधी त्याचा चेंडू ब्याण्णवच्या पुढे क्वचित जायचा.

मी नागपूरची मंजिरी. स्टॅटिस्टिक्स शिकायला इथल्या डोंगरावरच्या युनिव्हर्सिटीत आले आणि बेसबॉलच्या आकड्यांत अडकले ती अडकलेच. क्लब अमेरिकेतला आहे, नाव सांगत नाही. मी माझ्या कॉन्डोमधून खेळाडूंचे व्हिडिओ आणि आकडे बघते आणि पुढे कोण चमकेल ते सांगते. आई शेजाऱ्यांना अजूनही 'ती कॉम्प्युटरमध्ये आहे' असंच सांगते.

त्या दिवशी मी हॉलमध्ये होते, कारण कॉनर माझ्या घरापासून सर्वांत जवळ होता. सत्त्याण्णव बघून मी खूश होतेच, तेवढ्यात त्याने चेंजअप टाकला. चेंजअपमध्ये हात जोरदार चेंडूसारखाच फिरतो, पण चेंडू उशिरा पोचतो. बॅटर आधीच बॅट फिरवून मोकळा होतो. कॉनरचा चेंजअप शेवटी असा खाली गेला की रॉनसारख्या रॉनच्या ग्लव्हखालून निसटला. मी चक्क टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत सरावाला टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही.

पार्किंगमध्ये गाडीत बसूनच मी मार्कला फोन लावला. मार्क आमचा फार्म डायरेक्टर. प्रत्येक मोठ्या टीमच्या खाली त्याच क्लबच्या लहान टीम असतात, एकीपेक्षा एक वरच्या. पोरं सर्वांत खालच्या टीममध्ये येतात आणि चढत चढत वर जातात. या सगळ्या पसाऱ्याला फार्म म्हणतात. त्यातलं पीक कसं आहे हे मार्क बघतो.

मार्कने सगळं ऐकलं आणि विचारलं, "हे आणखी कोणी पाहिलंय?"

"मी आणि रॉन."

"मग त्याला लपवू."

हे लपवणं म्हणजे काय, ते सांगते. क्लबला आपले चाळीस खेळाडू राखीव ठेवता येतात. फार्ममध्ये काही वर्षं काढलेला खेळाडू त्या चाळिसात नसेल, तर डिसेंबरात दुसरा कोणताही क्लब त्याला उचलू शकतो. अट एकच: उचलणाऱ्याने त्याला पूर्ण सीझन मोठ्या टीममध्ये ठेवायचं, नाहीतर परत द्यायचं. आमच्याकडे चाळिसावी एकच जागा उरली होती आणि दावेदार दोन. एक आमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर, ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा होता. दुसरा कॉनर, जो सगळ्यांच्या हिशेबी अजून आजारी होता. मार्कचं गणित सरळ होतं. शॉर्टस्टॉपला जागा द्यायची. कॉनरचं कोणाला माहीतच नाही, तर उचलणार कोण?

गणित मलाही पटलं. फक्त ते कॉनरला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी तो हॉलमध्ये बूट बांधत होता. त्याने आडवळण न घेता विचारलं, "मी चाळिसात आहे?"

"नाही."

त्याने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग म्हणाला की कॅमलूप्सला फायरफायटरच्या ट्रेनिंगला त्याचा नंबर लागलाय आणि जानेवारीत त्यांना हो की नाही ते कळवायचंय. आणखी एक वर्ष खालच्या टीमबरोबर बसने हिंडायची त्याची तयारी नव्हती. चोवीस वर्षांचा होता तो, आणि मी त्याला सांगत होते की तुझा चेंडू आयुष्यात कधी नव्हता इतका चांगला पडतोय, म्हणून तू गप्प बस. मला माझाच राग आला.

त्याची बहीण दर शनिवारी त्याच्या सरावाचा व्हिडिओ काढायची आणि तो ऑनलाइन टाकायचा. ते बंद करायला क्लबने सांगितलं होतं. तो लगेच कबूल झाला. म्हणाला, "कोपर क्लबने दुरुस्त करून दिलं. एवढं मी करू शकतो." इतकं साधं वागणारा माणूस समोर असला की भांडायचीही सोय राहत नाही.

चाळीस नावं गेली. यादी बंद झाली. मग माझं दुसरं काम सुरू झालं: इतर क्लबांनी कोणाला उघड्यावर सोडलंय ते बघायचं आणि आपल्याला कोण उचलता येईल ते शोधायचं. यात माझी एक हातखंडा युक्ती आहे. दुखापतीतून उठलेले पिचर हमखास व्हिडिओ टाकतात. लोकांनी आपल्याला विसरू नये असं त्यांना वाटतं. एखादा अचानक गप्प झाला की मी बघते, तो पुन्हा जखमी झालाय का. तसं नसेल, तर त्याचं काहीतरी भलतंच चांगलं झालंय आणि त्याचा क्लब ते झाकतोय.

त्या सकाळी मला असा एक सापडला. दुसऱ्या क्लबचा उजव्या हाताचा पिचर, महिनाभर चिडीचूप. मी आनंदाने त्याच्यापुढे लिहिलं, 'लपवतायत.' चहाचा घोट घेतला आणि तोच शब्द पुन्हा वाचला. आम्ही कॉनरचं नेमकं तेच केलं होतं. ही युक्ती काही मी एकटी वापरत नव्हते.

मार्कला फोन केला. कॉनरचा शेवटचा व्हिडिओ कधीचा आहे ते त्याने विचारलं. मग म्हणाला, "त्याला काहीतरी टाकायला सांग. बोअरिंग काहीतरी."

मी कॉनरकडे गेले आणि निरोप जसाच्या तसा दिला. तो म्हणाला, "म्हणजे मला काम देऊ शकतील अशा लोकांसमोर मी बोअरिंग दिसायचं?"

"क्लबचं म्हणणं मी तुला सांगितलं. कॉन्ट्रॅक्टमध्ये असं काही लिहिलेलं नाही. तू नाही म्हणू शकतोस."

"आणि तुझं म्हणणं?"

"ते मी बोलणार नाही. माझ्या तोंडावर दिसतंय तेवढं वाच."

तो हसला. पण त्या शनिवारी त्याने टाकला तो बहिणीच्या कुत्र्याचा व्हिडिओ. कॉनर हळूच चेंडू फेकतोय, कुत्रा धावत जाऊन आणतोय. बघून मला रडू यायचं बाकी होतं.

डिसेंबरातली ती निवड फोनवर ऐकता येते. एकेका क्लबला पुकारतात. क्लब एक नाव घेतो, नाहीतर 'पास' म्हणतो. मी किचनमध्ये स्पीकर लावून उभी होते. समोर माझी मुलगी इरा सीरिअल खात होती. कॉनर आमच्याकडेच राहावा म्हणून मला पगार मिळत होता आणि त्याला कोणीतरी न्यावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. पहिल्या क्लबने कोणातरी बॅटरचं नाव घेतलं. दुसरा पास. तिसऱ्याने थोडा वेळ घेतला, आणि कॉनरचं नाव घेतलं.

मी इतक्या जोरात ओरडले की इराच्या हातून चमचा पडला.

"मम्मा, इज दॅट गुड ऑर बॅड?"

"दोन्ही," मी म्हणाले आणि तिला उचलून किचनभर नाचले. कॉनरला फोन केला तेव्हा मागे त्याची बहीण रडत होती. तो म्हणाला, "कॅमलूप्सवाल्यांना फोन करायचाय. काय सांगू?" "सांग, आता जमणार नाही," मी म्हणाले.

संध्याकाळी गौरवचा फोन आला. मूळचा दिल्लीचा, वाढला टोरोंटोत, आणि त्या तिसऱ्या क्लबात माझ्यासारखंच काम करतो. आम्ही हिंदीत बोलतो. मी विचारलं, तुला कसं कळलं?

"पहले तो एकदम सन्नाटा," तो म्हणाला, "फिर अचानक कुत्ता. मंजिरी, कौन करता है ऐसा?"

कॉनर पूर्ण सीझन मोठ्या टीममध्ये टिकला. जुलैत आमच्याविरुद्ध आला आणि आमच्या दोन बॅटरना त्याच चेंजअपवर लागोपाठ बाद केलं. मी सोफ्यावर आमच्याच क्लबची टोपी घालून टाळ्या वाजवत होते. मार्कचा मेसेज आला, 'टाळ्या वाजवतेयस ना?' मी त्याला डोक्यावरच्या टोपीचा फोटो पाठवला.

पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा चाळिसाची मीटिंग झाली आणि पुन्हा जागा एकच उरली. मार्कने सगळी नावं वाचली आणि मला विचारलं, "यातल्या कोणाला लपवावंसं वाटतंय?"

मी एक नाव सांगितलं.

"मग चाळिसावा तोच," मार्क म्हणाला आणि त्याने मीटिंग संपवली.