तिघांकडे ठेवायला दिलेली कादंबरी

कळमनुरीपासून थेट कनेरगाव नाक्यापर्यंत असा एक माणूस सापडायचा नाही, ज्यानं माझ्या थोरल्या साडूंच्या कादंबरीविषयी ऐकलं नव्हतं; आणि असाही एक सापडायचा नाही, ज्यानं ती वाचली होती. इतर लेखक आधी लिहितात, मग छापतात आणि शेवटी गावभर सांगत हिंडतात. साडूंनी काम उलट्या टोकाकडून धरलं होतं. नव्वद सालाच्या आगेमागे त्यांनी सांगत हिंडायला सुरुवात केली आणि दोन हजार साल उलटून गेलं तरी ते त्याच टप्प्यावर सुखानं रमलेले होते. त्यांच्या टेम्पोच्या फळीवर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं : ‘आगामी कादंबरी. लवकरच.’ पावसापाण्यानं अक्षरं पुसट झाली की साडू ती पुन्हा ठळक करून घेत. माझी लेकरं त्या ‘लवकरच’वर बोट ठेवून वाचायला शिकली आणि पुढं मिसरूड फुटेपर्यंत तेच वाचत राहिली.

हा टेम्पो म्हणजे त्यांचा धंदा. मंडप आणि लाउडस्पीकर. लग्न असो, जयंती असो, निवडणूक असो, भोंगे साडूंचेच. आता ज्याच्या हाती माइक आहे त्याला प्रसिद्धीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायची काय गरज? माइक तपासायच्या निमित्तानं ते दोन बोटांनी नाक दाबत, म्हणजे हा आवाज कुणा तिऱ्हाइताचा वाटावा, आणि सुरू होत : “हॅलो, हॅलो. आपल्या भागाचे नामवंत कथाकार यांची कथा दिवाळी अंकात नुकतीच प्रसिद्ध झाली असून त्यांची महाकादंबरी लवकरच वाचकांच्या भेटीला येत आहे. तसेच येत्या रविवारी ते पुसेगावी, सोमवारी कळमनुरीच्या बाजारात आणि मंगळवारी हिंगोलीत रसिकांना भेटतील. हॅलो.” रविवारी पुसेगावात त्यांचे भोंगे लागणार असत, सोमवारी बाजारात ते वायर आणायला जात आणि मंगळवारी हिंगोलीला दाताच्या डॉक्टरकडं. यात खोटं एक अक्षर नव्हतं. आवाज तर असा होता की कयाधू नदीच्या पल्याड चरणारी म्हशीची जात रवंथ थांबवून कान टवकारायची. कनेरगाव नाक्याच्या एका लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या ऐन वेळी त्यांनी ‘आता ज्या क्षणाची सर्वजण आतुरतेने वाट पाहत आहेत’ असं म्हणून कादंबरी जाहीर केली. लोकांनी अक्षता टाकल्या. नवरी अजून घरातच होती. नवरीचा बाप धावत आला. म्हणाला, “अहो भोंगेवाले, माझ्या पोरीचं लगीन हाये का तुमच्या पुस्तकाचं?” साडू शांतपणे म्हणाले, “पुस्तकाला अजून अवकाश हाय, पाव्हणं. तुमी उरकून घ्या.”

त्या दिवाळी अंकातली कथा मात्र खरी होती. अंकही खरा, मी हातात घेऊन पाहिलेला. साडूंनी स्वतः आणून दिला. घरी आल्यावर पाहतो तर त्यांच्या कथेची पानं चारी बाजूंनी स्टेपलरनं शिवून टाकलेली.

“साडभाऊ, हे काय?” मी विचारलं.

“बाकीचा अंक वाचा की,” ते म्हणाले. “लई चांगला निघालाय. माझं तेवढं राहू द्या. तुमच्या डोळ्यावर माझा भरवसा हाय, तोंडावर न्हाई.”

कारण साडूंचा कुणावरच भरवसा नव्हता. आपलं कथानक कुणीतरी चोरणार, ही त्यांची पक्की खात्री होती. तो चोर कोण, एवढंच ठरायचं बाकी होतं. बसस्टँडवर कुणी अनोळखी माणूस झोळी घेऊन उतरला की साडू त्याच्या मागं चार दुकानं चालत. एकदा एका खतं विकणाऱ्या एजंटाला त्यांनी चहा पाजून तासभर उलटतपासणी केली. तो बिचारा शेवटी रडकुंडीला येऊन युरियाचा भाव उतरवायला तयार झाला. “खतवाला एवढं शुद्ध बोलतो काहून?” असं साडू मला पुढं कितीतरी दिवस विचारत राहिले.

लिहून ठेवायचा तर प्रश्नच नव्हता. “कागद फितूर असतो,” ते म्हणत. “ज्याच्या हातात जाईल त्याच्याशी बोलतो.” मग कादंबरी ठेवायची कुठं? यावर त्यांनी जी तोड काढली, ती फक्त आमच्या साडूंनाच सुचावी. त्यांनी कादंबरी माणसांत ठेवली. तीही सगळी एकाकडं नाही. आरंभ माझ्याकडं. मधला भाग बसस्टँडसमोरच्या हॉटेलवाल्या चाचाकडं. त्याच्या पुढचा भाग आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींकडं. एकाला गाठलं तरी चोराच्या हाती सगळं लागू नये, हा हिशेब.

मला आरंभ दिला तो दिवस अजून आठवतो. टेम्पोच्या दोन्ही काचा वर, सीटखाली वाकून पाहिलेलं, चैत्राचं ऊन, आणि आत आम्ही दोघं घामानं निथळतोय. एक पाय अधू असलेला एक माणूस, त्याची बायको सखू, कळमनुरीच्या आठवडी बाजारात दोघं जातात. हा मिरच्यांचा भाव करून वळतो तो सखू नाहीच. तिथून तो गावोगावचे बाजार पालथे घालायला निघतो. सांगताना साडू सखूचा आवाज काढत, मिरच्यावालीचा काढत, आणि खोटं कशाला बोलू, मिरच्या माझ्या नाकाला झोंबल्यासुद्धा. झालं की त्यांनी माझा हात दाबला.

“कुणाला सांगायचं न्हाई.”

“न्हाई.”

“खुद्द मी मागायला आलो तरी द्यायचं न्हाई. माझं सोंग घेऊन बी कुणी येईल.” आणि मग आवाज आणखी खाली आणून, “त्या हॉटेलवाल्यावर नजर ठेवा. तुमच्या तुकड्यावर त्याचा डोळा हाय.”

मी इमानानं रोज चाचाच्या हॉटेलात जाऊन बसू लागलो. चहा एकच घ्यायचा आणि कपाच्या काठावरून त्याच्याकडं बघत राहायचं. चाचाही गल्ल्याच्या आडून माझ्याकडं बघत राहायचा. असं कितीतरी महिने चाललं. शेवटी तोच म्हणाला, “भाई, कब तक देखोगे? मेरे कू भी तकलीफ होरी. तुमारे साडू बोलके गए, इस आदमी पे बराबर नजर रखो.” गुरुजींना तर आम्हा दोघांवर नजर ठेवायला सांगितलं होतं आणि म्हातारा त्यासाठी चष्म्याचा नंबर वाढवून आला होता.

मला स्वतःला वेगळाच संशय होता. मला वाटायचं, कादंबरी नाहीच. तीन माणसांना तीन थापा मारून हा गृहस्थ लेखक म्हणून मिरवून राहिलाय. आमच्या मेव्हणीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, आम्ही सगळे आक्का म्हणतो. तिला मी एकदा विचारलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “मला काय विचारता? मला कधी एक ओळ सांगितली असंल तर शपथ. म्हणतात, बायकोला सांगितलं म्हंजी नळावर सांगितलं.” आणि एक खडा वेचून लांब फेकला. “एवढी वर्षं भाकरी खाऊन राहिले माझ्या हातची. त्यात विष घालीन असा संशय तेवढा न्हाई आला.”

अशात एका वर्षी जयंतीच्या आधी पुसेगावच्या मंडळाची पोरं आली. साडूंनी नेहमीप्रमाणं भोंग्यांचा भाव सांगितला. पोरं म्हणाली, “भोंगे तर लागतीलच, काका. पण औंदा कथाकथन ठेवलंय आमी. तुमचं. पोरासोरांपासून समदे इचारतेत, ती कादंबरी हाय तरी काय. औंदा स्टेजवर खुर्ची तुमची. आन् जर नसंल तर तसं सांगा, मंग टेम्पोवरचं पुसून टाकू.”

साडू त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आले, दार लावलं आणि म्हणाले, “साडभाऊ, तुमच्याकडचं जरा सांगा बरं.”

“काय?”

“आरंभ. कादंबरी इतकी वर्षं लपवून ठेवली, आता मलाच सापडून न्हाई राहिली. बाजार आठवतो, पुढचं धुकट होतं.”

मी म्हणालो, “तुमीच बजावलंय. तुमी मागायला आलात तरी द्यायचं न्हाई.”

“अहो, पण मी मीच हाय!”

“तो बी असंच म्हणंल,” मी म्हणालो.

चाचानं तर त्यांना चहा देऊन परत पाठवलं. “पहले असली साडू कू लेके आओ, फिर देखेंगे.” गुरुजींनी साडूंना त्यांच्याच लग्नाची तिथी विचारली, ती चुकली, आणि म्हाताऱ्यानं दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत साडूंनी आम्हाला एकच गोष्ट नीट शिकवली होती, ती म्हणजे संशय. आणि आम्ही तीत पहिल्या वर्गात पास झालो होतो. ते माझ्या ओट्यावर येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. नाक न दाबताच आवाज बसला होता. “फळीवरचं पुसतील वो ते,” म्हणाले. “मग मी निस्ता भोंगेवाला.”

शेवटी तोड निघाली ती अशी : आम्ही तिघांनीही पुसेगावला यायचं आणि आपापला तुकडा थेट स्टेजवरून सांगायचा. सगळ्यांदेखत सांगितल्यावर चोरी कसली? टेम्पोत पुढं ड्रायव्हर आणि साडू, मागं भोंगे, वायरी, चाचा, गुरुजी, आक्का आणि मी. वाटेत कुणी कुणाशी बोललं नाही. चाचानं तर तोंडावर रुमाल बांधला होता. धुळीसाठी, असं तो म्हणाला.

दुपार कलली होती, मंडप गच्च. जयभीम झाले, हार झाले, आणि मी आरंभ सांगितला. मिरच्यांपर्यंत लोक रंगले. मग चाचा उठला. त्याच्या तुकड्यात टुरिंग टॉकीजच्या तंबूवर तिकिटं फाडणारी एक बाई होती, नाव गुलाब. पहिल्याच वाक्याला मागून एक जण ओरडला, “ओ चाचा, सखू होती की! नाव काहून बदललं?”

चाचानं माझ्याकडं खुनशी नजरेनं पाहिलं. मी त्याच्याकडं. कादंबरी इथंच फुटली, हे मला दिसलं. माझा संशय खरा ठरला होता आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. तेवढ्यात ॲम्प्लिफायरजवळ बसलेल्या साडूंनी दुसरा माइक उचलला. “हरवलेली बाई जुनं नाव घेऊन फिरंल का? घंटाभरात सापडंल की.” मंडप हसला. “हा, मग!” म्हणत चाचा पुढं निघाला.

गुरुजींच्या तुकड्यात पूर होता. पलीकडच्या काठावरचा तंबू वाहून चाललेला, ती झाडावर, आणि तिला पाहून हा पाण्यात उडी घेतो. पुन्हा तोच मागचा : “लंगडा माणूस पवतो कसा, गुरुजी?”

“पाय अधू हाये, हे पाण्याला काय ठाऊक?” साडू म्हणाले. आता कुणी हसलं नाही. बाया पुढं सरकल्या. साडू उभे राहिले होते, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. गुरुजींनी त्या दोघांना एका फांदीवर आणून बसवलं, खाली तांबडं पाणी, आणि स्वतः जागेवर जाऊन बसले.

“पुढं?” मंडपानं विचारलं.

गुरुजींनी चाचाकडं पाहिलं. चाचानं माझ्याकडं. मी साडूंकडं. शेवट कुणाकडंच नव्हता. साडूंनी माइक वर केला, पण भोंग्यांतून नुसती खरखर आली.

तेव्हा बायांमधून आक्का बोलली. तिला माइकची गरज कधीच लागली नाही. “पुढचं राहू द्या. ती गेली काहून होती, ते इचारलं का कुणी? एवढे बाजार हुडकले बाबानं. मिरच्यांचा भाव केला, बायकोला एका शब्दानं बोलला का?”

साडू तिच्याकडं बघत राहिले. मग माइकमध्ये, नाक न दाबता, त्यांच्या साध्या घरच्या आवाजात म्हणाले, “न्हाई बोलला. त्यानं तिला कधी काही सांगितलंच न्हाई. समद्या गावाला सांगितलं, तिला न्हाई. म्हणून गेली ती.”

“मग आता सांगा म्हणावं त्याला,” आक्का म्हणाली. “झाडावरच हाय ना? पाणी उतरेस्तोवर सांगा म्हणावं.”

“मग,” साडू म्हणाले आणि थांबले. “मग त्यानं फांदीवर बसून तिला सांगायला सुरुवात केली.”

एवढंच. शेवट एवढाच होता. टाळ्या इतक्या झाल्या की मंडपाचे बांबू हलले, आणि यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

दिवस मावळताना आम्ही परत निघालो. चाचा आणि गुरुजी पुढं ड्रायव्हरजवळ बसले. साडू नेहमी पुढं बसायचे, ते त्या दिवशी मागं येऊन वायरींच्या भेंडोळ्यावर आक्काशेजारी बसले. मग आक्काच म्हणाली, “मला सुरवातीचं काही ऐकू न्हाई आलं. शेजारचं लेकरू रडत होतं.”

साडूंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं सरकले आणि हळू आवाजात सांगू लागले. पहिलं वाक्य माझ्या कानावर पडलं. ते मला दिलेलं नव्हतं. त्यात मिरच्या नव्हत्या, बाजार नव्हता. उंबऱ्यावर बसून ज्वारी पाखडणारी एक बाई होती. इतकी वर्षं मी प्राणपणानं सांभाळलेला आरंभ खोटा होता की हा त्यांनी आत्ता रचला, ते मला आजवर कळलेलं नाही. साडूही आता नाहीत, आणि आक्काला विचारलं तर ती नुसती हसते. तेव्हा मात्र मी विचारलं नाही. मागं पळणाऱ्या रस्त्याकडं तोंड केलं, वारा कानात भरू दिला आणि तिला जे सांगायचं होतं ते तिलाच ऐकू दिलं.