दिलीपभाऊच्या नावाची मूठ

त्या श्रावणात मी कानबाईच्या सणासाठी पिंप्राळ्याहून एसटीने माहेरी गेले होते. माहेर धुळ्याजवळ, पांझरेच्या काठी. एरवी माहेरी जायचं म्हटलं की मला आदल्या दिवसापासून आनंदाने जेवण जात नाही, पण त्या खेपेला पारोळा आलं तेव्हा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं...

घरी एकच विषय होता. माझा मोठा भाऊ, दिलीपभाऊ.

आमच्या सात पिढ्यांत कुणी समुद्र पाहिलेला नाही. पांझरेला जरा पाणी आलं की पूर बघायला धावणारी माणसं आम्ही! अशा घरातल्या पोराला मालवाहू जहाजावर खलाशी व्हायची काय अवदसा आठवली, देव जाणे. पण गेला. आबा चारचौघांत मिरवायचे आणि माय मात्र घरात पदराने डोळे पुसायची.

सुट्टीवर आला की तो तिला समजवायचा. महिना महिना आम्हाला जमीन दिसत नाही, तेव्हा खबर नाही आली तर घाबरू नको. जहाजाला काही झालंच तर दुसरं जहाज माणसं उचलून घेतं, आणि ते जिकडे चाललं असेल तिकडे, पार जगाच्या टोकाला नेऊन सोडतं. मग यायला उशीर होतो, एवढंच. तिची भीती जावी म्हणून बोलायचा बिचारा. मायने तेच धरून ठेवलं.

कारण एका पावसाळ्यात त्याचं जहाज बेपत्ता झालं. वादळ होतं म्हणे... आबा आणि काका मुंबईला कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसले, तिथे त्यांना चहा मिळाला आणि शोध चालू आहे असं उत्तर मिळालं. पुढे शोधही थांबला. ना माणूस सापडला, ना जहाजाची एखादी फळी. माणूस गेलं तर निदान मोकळेपणी रडता येतं हो... आमच्या नशिबात तेही नव्हतं.

सगळ्यात वाईट हाल त्याच्या बायकोचे, मंगलवहिनीचे. लग्न होऊन नवऱ्याचा सहवास म्हणाल तर दोन सुट्ट्यांचा. कुंकू लावलं तर गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या, नाही लावलं तर माय अंगावर यायची. आणि अशी तीन वर्षं गेली होती.

त्या वर्षी वहिनीच्या भावाने तिच्यासाठी एक स्थळ पाहिलं होतं. बिजवर, पण भला माणूस, शाळेत मास्तर. त्यांनी एवढंच विचारलं होतं की तुमच्या घरी दिलीपला गेलेला मानता की नाही? सोमवारी कानबाईची बोळवण झाली की तिचा भाऊ उत्तर न्यायला येणार होता.

उत्तर द्यायचं होतं मायने. आणि ते ठरणार होतं परातीतल्या गव्हावर.

बाहेरच्यांना सांगते. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढतात तेव्हा आमच्याकडे घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू परातीत टाकतात. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा मूठ असते. गेलेल्या माणसाची नसते. दिलीपभाऊची मूठ माय दरवर्षी घेत होती, काका बडबडले तरी घेत होती. मला तर बोलायची सोयच नाही, सासरी गेलेल्या लेकीला आमच्यात रोट चालत नाहीत.

माय परात घेऊन बसली. आबांची मूठ झाली, काकांची झाली, चुलतभावांची झाली. मग तिने पोत्यात हात घातला आणि नेहमीसारखं म्हणाली, "मना दिलीपनी."

वहिनी चुलीपाशी बसली होती. ती उठून आली, मायच्या समोर बसली आणि हळूच म्हणाली, "माय, यंदा त्यासनी मूठ लेऊ नका."

काकूने चटकन माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता माय हिला फाडून खाणार...

पण माय नुसती वहिनीकडे बघत राहिली. मूठ परातीवर तशीच धरलेली. बोटांच्या फटीतून दोन-चार दाणे खाली पडले, तरी मूठ उघडेना. मी तोंडात पदर कोंबला. त्या मुठीत माझा भाऊ होता हो, आणि ती सोडली की तो जाणार होता...

शेवटी माय म्हणाली, "पदर धर बेटा."

वहिनीला कळलंच नाही. मायने स्वतःच तिचा पदर ओढला आणि दिलीपभाऊचे गहू तिच्या ओटीत घातले. वर पाव मूठही घातली. सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी तिने सुनेची ओटी भरली आणि परात उचलून आत निघून गेली.

वहिनी ओटी धरून तिथेच बसली आणि इतकी रडली की काकूलाही आवरेना. त्या घरात भावासाठी कुणी मोकळं रडलं ते तेव्हाच, पहिल्यांदा. आबा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

सोमवारी आम्ही कानबाई पांझरेवर नेली. बायका गाणी म्हणत होत्या. माय पाण्यात उभी राहिली आणि मला विचारलं, "हाई पानी समुद्रले जास ना?"

मी म्हटलं, हो. पांझरा तापीत जाते आणि तापी समुद्रात.

बायका परत निघाल्या, माय निघेना. शेवटी मीच दंडाला धरून तिला बाहेर काढलं.

मंगलवहिनीचं लग्न झालं, संसार चांगला झाला. मायने त्यानंतर मरेपर्यंत दिलीपभाऊचं नाव घेतलं नाही. काळ हे औषध आहे म्हणतात... डोंबलाचं औषध! मी बघत होते ना तिच्याकडे, माहेरी गेले की.

आज मी माझ्या घरचे गहू काढते. नवऱ्याची, पोरांची नावं घेते, आणि सगळ्यांच्या मुठी झाल्या की उगाच थोडा वेळ बसून राहते. मायने त्या दिवशी जे केलं, ते माझ्याच्याने झालं नसतं.