दोस्ताची अमानत

"पहिलेच सांगून देतो, रंग जाईन," असं म्हणत ते गिऱ्हाइकापुढे साडी उलगडत. मलकापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं साड्यांचं दुकान होतं. आपल्याच मालाची खोड दाखवणारा दुकानदार तुमच्या पाहण्यात नसेल. आमच्या रोजच्या पाहण्यातला होता. दुकान बेताचंच चालायचं, हे वेगळं सांगायला नको.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्यांचा जिवलग मित्र आणि त्याची बायको दोघंही हायवेवर अपघातात गेली, तेव्हा त्यांची लहानगी मुलगी हे घरी घेऊन आले. "तुमची पोरगी" असं कोणी म्हटलं की लगेच दुरुस्ती करत, "माही नाही. दोस्ताची अमानत हाय. नीट वाढवाची, चांगल्या घरी द्याची. मी काई बाप नाही तिचा." मुलगीही त्यांना काकाच म्हणे.

बाप नसलेला हा माणूस रोज सकाळी तिच्या वेण्या घालायचा. इतक्या घट्ट, की पोरीच्या भुवया वर ओढल्या जात. मी शाळेत मास्तर; ती माझ्याच वर्गात होती, आणि मी शिकवतो त्या प्रत्येक गोष्टीचं तिला आश्चर्य वाटतं, असं मी चौथीपर्यंत समजत होतो.

तिचं कॉलेज संपलं आणि हे कर्तव्याला लागले. स्वतः स्थळं शोधायची, स्वतःच पोहे करायचे, पाहुण्यांच्या हातात बशी द्यायची आणि म्हणायचं, "पहिलेच सांगून देतो, पोरगी रागीट हाय." पुढच्या पाहुण्यांना, "सकाळी उठत नाही. उलटं बोलते." पाहुणे पोहे संपवून निघून जात. आम्हाला वाटायचं, दुकानातली सवय, दुसरं काय!

मग खामगावचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा चांगला. पाहुणे हो म्हणण्याच्या बेतात होते, एवढ्यात हे म्हणाले, "झोपेत चालते."

मी शेजारी म्हणून तिथंच बसलो होतो; त्यांच्या-माझ्या घरांत एकच भिंत. ती पोर झोपेत कूससुद्धा बदलत नसे. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बशीकडे पाहत होते.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "खोटं कशाला बोललात?"

"देनं त लागनच, गुरुजी. शब्द देल्ला हाय दोस्ताले." बशा उचलत म्हणाले, "पण आज काई मन नाही झालं."

मला त्यांची फार दया आली. नंतरही किती स्थळं आली आणि गेली, पण त्यांचा 'आज' काही संपेना.

शेवटी लोणारचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ती माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, "काका, मले हा मुलगा आवडला हाय. उद्या तुमी फक्त पोहे करा."

त्यांनी फक्त पोहे केले. लग्नही यथासांग लावून दिलं. "सुटलो बुवा," असं ते घरोघर जाऊन सांगून आले. सुटल्याची बातमी द्यायला इतका हिंडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दिवाळीनंतर ते पहिल्यांदा तिच्या घरी निघाले. सरोवर दाखवतो म्हणून मलाही सोबत घेतलं. पिशवीत भाकरी-ठेचा आणि पाण्याची बाटली होती. एसटीत त्यांनी दोन्हींना हात लावला नाही.

घरी पोचताच तिनं आम्हा दोघांपुढे पाण्याचे पेले धरले. मी घेतला. त्यांनी पिशवीतून बाटली काढली. आमच्याकडे जुन्या वळणाचा बाप लेक दिल्यावर तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. पोटाला भाकरी बांधून आणील, पण घेणार नाही.

तिला कळायला वेळ लागला नाही.

"हा नेम त बापाचा असते, काका," ती म्हणाली. "तुमी त बाप नाही ना माहे?"

ते बाटलीचं झाकण काढून आपलंच पाणी पिऊ लागले. बाटली तोंडापासून बाजूला करायची त्यांची काही हिंमत होईना.

ती पेला तसाच धरून उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसतही होती.

"हळू प्या, बाबा," ती म्हणाली. "ठसका लागन."