हळदकुंकू वाहिलेला डबा

एक फोटो मी आजही मोबाइलमधून काढून टाकलेला नाही. टीव्हीखालच्या फळीवर एक काळा चपटा डबा, त्याला हळदकुंकवाची बोटं, पुढं फोडलेला नारळ आणि चार अक्षता. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरची पूजा. आमच्या धाराशिव जिल्ह्यात ट्रॅक्टर येवो नाहीतर पिठाची गिरणी, पहिल्या दिवशी नारळ फुटतोच. व्हॉट्सअॅपवर त्या फोटोखाली शाबासकीचा पहिला अंगठा माझा आहे. महामार्गालगतच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी म्हणून मी तो दिला होता. नावं कुणाचीच देणार नाही. पण माझी चूक लपवणार नाही.

त्या उन्हाळ्यात महामार्गावरच्या गावांत घरफोड्या होत होत्या. मी जळकोटजवळच्या एका गावात चावडीवर बैठक घेतली आणि ठणकावून सांगितलं, "घराला कॅमेरा लावा. चोर कॅमेऱ्याला भितो." गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढायला लावला आणि त्यात स्वतःही सामील झालो. कॅमेरा कसा लावायचा, त्याची किल्ली कुणाच्या हातात ठेवायची, याबद्दल मी एक शब्द बोललो नाही. मला तेव्हा ते ठाऊकही नव्हतं.

बैठकीनंतर सगळ्यात आधी कॅमेरा लावला तो ब्लाऊज शिवणाऱ्या एका विधवा बाईनं. वय चाळिशीचं. घर ऐन रस्त्यावर; पुढं ओसरी, ओसरीवर मशीन. तिनं रेकॉर्डरची पूजा केली, फोटो ग्रुपवर टाकला. मी अंगठा दिला.

तीन महिन्यांनी ती ठाण्यात आली. मी आतल्या खोलीत स्टेशन डायरी बघत होतो. बाहेर ठाणे अंमलदार विचारत होता.

"काय तक्रार आहे बाई?"

"माझ्या ओसरीवर बोललेलं गावात फुटतंय."

"मग हळू बोला की!"

दोघं-तिघं हसले. मी तिला आत बोलावलं. खुर्ची दाखवली तरी ती बसली नाही.

"साहेब, बायका माप द्यायला येतात, मनातलं दोन शब्द बोलतात. ते संध्याकाळपर्यंत गावभर होतंय. लोक म्हणतेत, मीच लावालाव्या करते. सणासुदीच्या तोंडावर माझ्याकडं कापडाची चळत असायची. या महिन्यात तीन ब्लाऊज आलेत. असंच चाललं तर मशीन इकून माहेराला जावं लागंल. आन् म्या जाणार न्हाय."

"कुणावर संशय?"

"संशय असता तर त्याच्या दारात गेले असते. तुमच्या दारात कशाला आले असते?"

खरं सांगतो, मलाही वाटलं की हीच बोलत असेल. ठाण्यात बाई तक्रार घेऊन आली की आधी तिचीच चौकशी होते. ही आमच्या खात्याची जुनी खोड, आणि त्या दिवशी ती माझ्यातही होती. मी अर्ज ठेवून घेतला आणि तिला वाटेला लावलं.

दोन दिवसांनी त्याच गावातली एक सून बँकेचं निमित्त करून ठाण्यात आली. चेहऱ्यावर पदर, पण आवाज ठाम.

"साहेब, काकू चहाडखोर न्हायत. म्या नर्सिंगचा फॉर्म भरलाय, घरी ठाऊक नव्हतं. ते म्या काकूंना ओसरीवर सांगितलं. दोघीच होतो. काकू मशीनवरनं उठल्या पण न्हायत, आन् अर्ध्या तासात मला सासऱ्याचा फोन. म्या अजून तिथंच बसलेली! काकूंनी सांगितलं कधी?"

अशी साक्ष नशिबानं मिळते. त्याच दुपारी मी त्या घरी गेलो. दारावर कॅमेरा, त्याचा रोख ओसरीवर. मी बाईंना विचारलं, "यात आवाजही येतो का?"

"आवाज? चित्रच येतं न्हवं?"

तिच्याच मोबाइलवर आम्ही मागचं चित्रण लावलं. माझा प्रश्न माझ्याच आवाजात ऐकू आला. मला वाटलं, बाई रडेल. तिनं फक्त ओसरीकडं पाहिलं, जिथं बायका बसायच्या. मग म्हणाली, "म्हंजे चोरासाठी लावला, आन् चोरच आत घेतला."

कॅमेरा बसवणाऱ्या कारागिराला नळदुर्गहून बोलावलं. पहिला संशय त्याच्यावरच होता. तो घामाघूम झाला.

"साहेब, माझ्याकडं दीडशे घरं हायत. कुणाकुणाचं ऐकत बसू?"

"पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"समद्यांचा एकच ठेवतो. लोक इसरतेत, मग रातंदिवस फोन करतेत. म्हणून डब्यावरच लिहून देतो."

डब्यावर! मी आत जाऊन पाहिलं. रेकॉर्डरवर कंपनीचं चौकोनी क्यूआर कोडचं स्टिकर, त्याशेजारी पांढऱ्या पट्टीवर मार्करनं ठळक अक्षरांत पासवर्ड. मोबाइलमध्ये कंपनीचं अॅप घ्यायचं, स्टिकर स्कॅन करायचं, पासवर्ड टाकायचा. कुठंही बसून घर उघडतं. मग मी खिशातून मोबाइल काढला आणि तो पूजेचा फोटो मोठा केला. नारळाच्या मागं स्टिकर दिसत होतं. पट्टीवरचं एकेक अक्षर वाचता येत होतं. कुंकवाचं बोट बरोबर त्याच्या शेजारी होतं. ग्रुपवरच्या प्रत्येक माणसाच्या हातात त्या घराची किल्ली गेली होती, आणि तिच्याखाली माझा अंगठा.

कारागीर म्हणाला, "आत्ता बदलून टाकतो." मी हो म्हणणार, तेवढ्यात बाई आडवी आली.

"थांबा. बदलला तर तो गप बसंल, आन् चहाडखोर म्याच राहीन. राहू द्या उघडं. उद्या मी बोलते, त्याला ऐकू द्या."

नोकरीत पुष्कळ सापळे रचले. याइतका नेटका क्वचितच. दुसऱ्या दिवशी तिनं बंद मोबाइल कानाला लावला आणि कॅमेऱ्याखाली बसून मोठ्यानं सांगितलं की ओसरी आणि पुढची खोली ती एका ढाबेवाल्याला भाड्यानं देणार आहे, उद्याच कागद करायचा. बोलणं तेवढंच. सांगितलं कुणालाही नाही.

चहाच्या वेळेला तिचा धाकटा दीर दारात हजर. गावातल्या दोन समित्यांवर असलेला, मान असलेला माणूस. "वहिनी, ढाबा बिबा चालणार न्हाय. ती जागा आमच्या घराण्याची हाय. तुम्हाला इथं जमत न्हाय तर माहेराला जावा, जागा मी बघतो."

आतल्या खोलीत मी आणि एक महिला पोलीस बसलो होतो. आम्ही बाहेर आलो.

ठाण्यात त्याला चहा दिला; बाईही फिर्याद द्यायला आली होती, बाकावर बसली. चौकशीत मी कधी आवाज चढवला नाही. ओरडणाऱ्या अधिकाऱ्याला आरोपी लवकर ओळखतो; गप्प बसणाऱ्याला ओळखायला त्याला वेळ लागतो आणि त्या वेळात तो बोलतो.

"ढाब्याचं कुणी सांगितलं?"

"लोक बोलत होते."

"कोण लोक?"

"असंच, पारावर."

"ती फोनवर बोलली. तो फोन बंद होता. पारावर कुणाला ऐकू आलं?"

त्यानं कप खाली ठेवला.

इतक्यात बाहेर गाडी थांबली. त्याच गावात राहणारा, त्या भागातला एक पुढारी चार माणसं घेऊन आला. दीर त्याचा खास.

"साहेब, घरातलं प्रकरण हाय. बायकांच्या गप्पांसाठी का पोलीस केस करतेत? मिटवून घ्या. बाईला मी समजावतो."

"मला काय समजावता?" बाई बाकावरनं उठली. "माझं नाव गावात गेलं तवा कुणी मिटवायला आलं न्हाय. आता ह्याचं जातंय तर समदे आले!"

पुढारी माझ्याकडं वळला. "तुमची रिटायरमेंट जवळ आलीय म्हणं. कशाला ताप घेताय?"

मी सांगितलं, "रिटायरमेंट जवळ आहे म्हणूनच घेतोय. बसा. पंचनामा होईपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही."

दोन पंचांसमोर दिराचा मोबाइल घेतला. अॅप उघडलं. पहिल्या चौकटीत ओसरी आणि शिलाई मशीन. आता पुरावा झाला होता. पण खाली आणखी चौकटी होत्या. गावात पाच घरांनी रेकॉर्डरची पूजा केली होती, पाचांनी फोटो टाकले होते, आणि या गृहस्थानं पाचही जपून ठेवले होते. चौथ्या चौकटीत फरशीचं अंगण, एक झोपाळा, आणि झोपाळ्यावर बसून फोनवर बोलणारी एक बाई.

पुढारी पुढं वाकला. "हे... हे तर माझं घर हाय."

कुणी हसलं नाही. मला मात्र हसू दाबावं लागलं. तो आपल्या खास माणसाकडं बघत राहिला, आणि मग त्याच्या गळ्यातून असा आवाज निघाला की बाहेरचा ठाणे अंमलदार धावत आला.

"साहेब, माझी फिर्याद आधी लिहून घ्या! कडक कलमं लावा!"

"तुमचीही घेऊ," मी म्हणालो. "आधी ताईंची. तुम्ही रांगेत आहात. आणि ही तर बायकांच्या गप्पांची केस आहे ना?"

गुन्हा नोंदवला. पाळत ठेवणं, दुसऱ्याच्या यंत्रात विनापरवाना शिरणं, बदनामी. दोषारोपपत्र वेळेत गेलं. पुढचं काम न्यायालयाचं. पण बाईचं नाव न्यायालयाच्या तारखेची वाट बघू शकत नव्हतं. म्हणून मी त्याच चावडीवर दुसरी बैठक घेतली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हिनं कुणाचं काही फोडलं नाही. ज्यानं फोडलं त्याच्यावर गुन्हा आहे, आणि ज्यानं किल्लीचा फोटो पाहून अंगठा दिला तो तुमच्यासमोर उभा आहे. ती सून मागच्या रांगेतून उठली आणि म्हणाली, "माझं माप उद्या द्यायचं हाय काकू, मोकळ्या हायत का?" नर्सिंगचं काय झालं ते तिनं मला नंतर कळवलं. ते तिचं आहे, इथं लिहिणार नाही.

या केसनं मला जे शिकवलं ते मी आता कुठंही, कुणासमोरही सांगतो. कॅमेरा जरूर लावा, पण तो रस्त्याकडं बघेल असा. घरातल्या माणसांवर रोखू नका. कारागीर उठायच्या आधी पासवर्ड स्वतःच्या हातानं बदला. आवाज बंद ठेवा. पूजा करा, नारळ फोडा, पण स्टिकर झाकून. आणि कुणी म्हणालं की "लपवण्यासारखं काय हाय तुमच्याकडं?" तर त्याच्या तोंडावर सांगा, लपवण्यासारखं काही नसलं तरी दार आमचं आहे. पाळत ठेवणाऱ्याला कारण द्यावं लागलं पाहिजे. दार लावणाऱ्यानं कारण का द्यावं? घरातलंच आहे, मिटवून घ्या, असं सांगणाऱ्यांना मी पस्तीस वर्षं ऐकलं. ते नेहमी ज्याचं दार फुटलं त्यालाच गप्प बसवायला येतात.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात तिकडून जात होतो, म्हणून थांबलो. ओसरीवर कापडांची चळत होती. कॅमेरा काढलेला नव्हता. त्याचं तोंड महामार्गाकडं फिरवलेलं होतं. बाई मोबाइल हातात घेऊन बसली होती.

"बरं झालं आलात साहेब. पासवर्ड बदलतेय. दर दोन महिन्यांनी बदलते."

"कुठं लिहून ठेवता?" मी सहज जवळ गेलो.

तिनं मोबाइल छातीशी धरला.

"तोंड तिकडं करा."

मी वर्दीत होतो. कंबरेला पिस्तूल, छातीवर नावाची पाटी. रस्त्यावरून हैदराबादचे ट्रक जात होते. ओसरीवरच्या दोन बायका माझ्याकडं बघत होत्या.

मी तोंड फिरवलं, आणि ती "झालं" म्हणेपर्यंत तसाच उभा राहिलो.