पाटीवर न मावलेलं नाव

सुधाकर गेल्याची बातमी मला कळली, तेव्हा मी त्याच्याच दुकानाचा फोटो पडद्यावर दाखवत होतो. सांगलीतला एक हॉल, समोर साठ-सत्तर फोटोग्राफर, बहुतेक लग्नाच्या ऑर्डरी घेणारे. अशा मंडळींना धंदा कसा वाढवावा, चार लोकांत आपलं नाव कसं व्हावं, यावर भाषणं देत मी गेली काही वर्षं फिरतो. माझी पहिली स्लाइड ठरलेली असते. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं एक दुकान, गडद जांभळी पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द, 'रेशीम'. हे दुकान माझ्या मित्राचं आहे असं मी सांगतो आणि त्या पाटीनं काय चमत्कार केला ते रंगवून सांगतो. त्या दिवशीही तेच चाललं होतं, तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल थरथरला. सुधाकरची बायको, शोभावहिनी. मी कडेला जाऊन फोन घेतला. "भाऊजी, हे गेले हो…" एवढंच त्या बोलू शकल्या. मग कुणीतरी फोन हातात घेऊन सांगितलं, सकाळी एका कार्यालयात साखरपुड्याचे लाइट लावता लावता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी परत माइकपाशी गेलो आणि भाषण पूर्ण केलं. त्या स्लाइडबद्दल, त्या पाटीबद्दल, माझ्या मित्राबद्दल चांगला अर्धा तास बोललो. टाळ्याही पडल्या. हे मी आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही. आता दीड-दोन महिन्यांनी लिहायला बसलोय ते त्याची टोचणी आहे म्हणून, आणि तिच्या मागे तिच्याहून जुनी अशी आणखी एक टोचणी आहे म्हणून.

सुधाकरची आणि माझी ओळख नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास झाली. मी तेव्हा पुण्याला जाहिरातीचा कोर्स करून नुकताच परतलो होतो आणि डोक्यात हवा गेलेली होती. लग्नपत्रिका, पाट्या, कॅलेंडरं असलं काहीबाही छापून देणारं दुकान मी काढलं होतं, पण स्वतःला 'सल्लागार' म्हणवून घ्यायचो. पासपोर्ट फोटो हवा म्हणून त्याच्या दुकानात शिरलो. तीन खण खोल अरुंद जागा, मागे निळा पडदा, काउंटरच्या वर बुद्धाची तसबीर, आणि बाहेर पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत पाटी : 'गणपती सखाराम कांबळे आणि मुलगा, फोटोग्राफर, मुरगूडवाले'. गणपती म्हणजे त्याचे वडील, आबा. मुरगूडच्या बाजारात कापडी पडदा बांधून त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली होती. ही पाटी त्यांनीच रंगवून घेतली आणि मुलानं कोल्हापुरात दुकान थाटलं तेव्हा एसटीच्या टपावरून आणून स्वतःच्या हातानं ठोकली. आपलं पूर्ण नाव भर रस्त्यावर लागलेलं बघायला त्यांना आयुष्य घालवावं लागलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मला स्टुलावर बसवून सुधाकर कॅमेऱ्यामागे गेला आणि म्हणाला, "पावणं, गाव कंचं?" मी सांगायला तोंड उघडलं आणि खटका पडला. मी चिडलो, की तोंड उघडं आलं असणार. फोटो बघितला तर त्यात मी जितका माझ्यासारखा दिसत होतो तितका आजवर कुठल्याच फोटोत दिसलो नाही. ही त्याची रीतच होती. समोर मास्तर असो, पाटलीणबाई असो, शाळेचं पोर असो, तो गाव विचारायचा आणि माणूस गावाच्या आठवणीत सैल पडला की बटण दाबायचा. पुढे दोस्ती झाल्यावर मी त्याला छेडलं, "गावच का विचारतोस रे? नाव विचार, आडनाव विचार." तो फिल्म गुंडाळत म्हणाला, "गाव सांगताना माणूस हसतो भावा. आडनाव सांगताना एक तर छाती काढतो, न्हायतर खाली बघतो. फोटो दोन्हीबी चांगला येत न्हाय."

एवढा हात असूनही त्याला लग्नाच्या मोठ्या ऑर्डरी मिळत नव्हत्या. पासपोर्ट फोटो, शाळांचे ग्रुप फोटो, आपल्या माणसांची लग्नं, बस्स. एकदा माझ्यादेखत एक बागायतदार गृहस्थ आले. नमुन्याचा आल्बम बघून खूष झाले, तारीख ठरली, किती रोल लागतील तेही ठरलं. निघताना बाहेर उभे राहून त्यांनी चपला घातल्या, मान वर करून पाटी वाचली, पुन्हा आत डोकावले आणि म्हणाले, "कळवतो." लग्नाचा फोटोग्राफर म्हणजे नुसता मांडवात उभा राहणारा माणूस नव्हे. तो नवरीच्या खोलीत जातो, देवघरात जातो, स्वयंपाकघरातून पुरणाचे फोटो काढतो. ते कळवणार नव्हते हे सुधाकरला कळलं, मलाही कळलं. आम्ही दोघांनी चहा मागवला आणि क्रिकेटवर बोललो.

पंधरा दिवसांनी मी कागदाची सुरळी घेऊन त्याच्याकडे गेलो. नवी पाटी, नवा रंग, नवं नाव. त्या पानावर मी 'रेशीम' हा शब्द असा काढला होता की शेवटच्या अक्षरातून निघालेला धागा कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती फिरावा. मला त्याचा फार अभिमान वाटत होता. सुधाकरनं बराच वेळ बघितलं. "आन् आबांचं नाव?" मी तयारच होतो. म्हणालो, "लांब आहे रे. एवढं लांबलचक नाव पाटीवर बसत नाही. चालत्या स्कूटरवरून माणसाला वाचता आलं पाहिजे." त्यानं विचारलं, "लांब हाय म्हणून काढतोयस व्हय?" मी म्हटलं, "हो. लांब आहे म्हणून." तो शब्द ना त्यानं उच्चारला, ना मी. त्यानं फक्त मान डोलावली.

माझ्या स्वतःच्या दुकानावर माझं आडनाव वीतभर उंचीच्या अक्षरांत होतं. ते काढावं असं मला कधी सुचलं नव्हतं.

नव्या पाटीच्या दिवशी आबा मुरगूडहून आले. धोतर, कोट, डोक्याला पांढरी टोपी. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून त्यांनी पाटी वाचली, मग मला जवळ बोलावून अगदी साध्या सुरात विचारलं, "ह्यो रेशीम कोण वो?" मी ब्रँड म्हणजे काय ते समजावायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं, पेढा खाल्ला आणि जुनी पाटी मागून घेतली. जशी एसटीच्या टपावरून ती आली होती तशीच परत गेली. बुद्धाची तसबीर काउंटरवरून हलवावी, तिथे नमुन्याचे फोटो लागतील, असंही मीच सुचवलं होतं. ती सुधाकरनं डार्करूममध्ये नेऊन लावली. "तितं मी एकटाच असतो," म्हणाला.

आणि माझा सल्ला लागू पडला, हे मला सांगितलंच पाहिजे. दोन वर्षांत 'रेशीम' कार्यालया-कार्यालयांत बोललं जाऊ लागलं. मी सुचवलेलं सगळं तो मन लावून करायचा. साड्यांच्या दुकानात नमुन्याचा आल्बम ठेवणं, मदतीच्या माणसांना एकसारखे काळे शर्ट, आल्बमला जांभळी मखमली पेटी, लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला जोडप्याला कार्ड. मी ते सगळं पुढे भाषणांत विकलं. कोल्हापुरात कुणाला कुणाचं काय माहीत नसतं? 'रेशीम'वाला कोण हे निम्म्या गिऱ्हाइकांना माहीत होतं. फक्त पाटीवर लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे माहीत नसल्यासारखं वागायला त्यांना सोपं जात होतं. बाकीच्यांची काय गोष्ट सांगू… माझ्या लग्नाचे फोटो सुधाकरनंच काढले, आणि माझ्या आईशी मी त्याची ओळख 'हा रेशीमवाला' एवढीच करून दिली होती.

एकदा गगनबावड्याकडच्या एका मोठ्या घरचं लग्न करून तो आला. पावसानं दोन दिवस झोडपलं होतं, कॅमेरा त्यांच्या चुलीजवळ सुकवावा लागला होता, असं हसत सांगत होता. मग मध्येच थांबला. "पंगतीत म्हाताऱ्या मालकांनी इचारलं, तुमचं आडनाव काय? मी म्हटलं, मुरगूडचा हाय. ते म्हणाले, बरं बरं, आन् वाढप्याला म्हणाले, ह्यास्नी जिलबी वाढा. भावा, घास उतरला न्हाय बघ. कुणी कायबी बोललं नव्हतं. मीच बोललो नव्हतो." मी म्हणालो, "धंद्यात असं मनाला लावून घ्यायचं नसतं." हे माझं वाक्य मला अजून शब्दन् शब्द आठवतं आणि लाज वाटते.

आबा गेले, त्यानंतर काही वर्षांनी डिजिटल आलं. रोल गेले, डार्करूम गेली, छापलेल्या फोटोंचे आल्बम जाऊन छापखान्यातून सलग बांधून येणारी जाडजूड पुस्तकं आली. धंदा चांगला चालला असताना एक दिवस सुधाकर माझ्या ऑफिसात आला आणि म्हणाला, "जुनं नाव लावूया परत." मी उडालोच. इतक्या वर्षांची मेहनत, लोकांच्या तोंडी बसलेलं नाव, कुणी असं पाण्यात घालतं का? मी तासभर त्याचं डोकं खाल्लं. त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "तवा लांब हाय म्हणालतास. आता तर कॉम्प्युटरवर कितीबी लांब नाव बसतं की." त्याला एवढंच हवं होतं की मी एकदा खरं बोलावं. पाटी बदलायला त्याला माझी परवानगी लागत नव्हती. मी म्हणालो, "चहा सांगू?" तो म्हणाला, "सांग." पाटी तशीच राहिली. आमचं बोलणंही चालू राहिलं, म्हणजे वरवरचं. आत काहीतरी थंड पडलं होतं आणि ते थंड मी केलं होतं.

आता एका वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहा म्हणून निरोप आला तेव्हा सोबत त्याचा फोटोही मागितला होता. ज्यानं हजारोंचे फोटो काढले त्याचा एक धड फोटो मिळेना. मग मला माझ्या लग्नाच्या आल्बममधला एक फोटो आठवला. माझी बायको आरशासमोर मुंडावळ्या बांधून घेते आहे आणि आरशात मागे सुधाकर दिसतो, डोळ्याला कॅमेरा लावलेला. जांभळी पेटी काढली, प्लॅस्टिक सोलून तो फोटो हळूच सोडवला. पुढच्या बाजूला कोपऱ्यात सोनेरी 'रेशीम' होतं. उलटा केला, तर मागे निळ्या शाईचा शिक्का : 'गणपती सखाराम कांबळे आणि मुलगा, फोटोग्राफर, मुरगूडवाले'. मी दुसरा फोटो सोडवला, तिसरा सोडवला. माझ्या आईचा देवघरातला, माझा अक्षतांच्या वेळचा… सगळ्यांच्या मागे तोच शिक्का. इतकी वर्षं ते नाव माझ्याच कपाटात, माझ्या माणसांच्या पाठीशी चिकटून होतं आणि मला पत्ता नव्हता.

तसाच मंगळवार पेठेत गेलो. शोभावहिनी काउंटरमागे बसल्या होत्या. मी फोटो पुढे ठेवला तेव्हा त्यांना काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी खण ओढून शिक्का काढला. लाकडी मूठ, घासून घासून गुळगुळीत झालेली. "आबांचा हाय," त्या म्हणाल्या. "आल्बमात लावायच्या आधी हे परत्येक फोटोला स्वतःच्या हातानं मारायचे. मी म्हणायची, मागनं मारून कुणाला दिसतंय? तर म्हणायचे, दिसंना का. हाय न्हवं?" मग शिक्का पदरानं पुसत म्हणाल्या, "त्ये नवीन पुस्तकाचे आल्बम आले, तवापास्नं बंद झालं. त्यास्नी मागची बाजूच नसती." तो माझ्या ऑफिसात का आला होता, ते मला तेव्हा कळलं. नाव ठेवायची शेवटची जागा गेली होती म्हणून तो आला होता, आणि मी त्याला चहा पाजून परत पाठवला होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण वहिनींसमोर रडायचा मला काय अधिकार? उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "वहिनी, पाटीचं आता…" त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "पाटीचं मी बघती, भाऊजी. आता सल्ला नगं." रागानं नव्हे, अगदी शांतपणे. मग त्यांनी पॅडवर शिक्का दाबला आणि एका कोऱ्या कागदावर उठवून तो कागद माझ्या हातात दिला.

तो कागद आता समोर आहे. पुढचं भाषण मी रद्द केलं आहे, कारण पहिल्या स्लाइडवर काय बोलायचं ते ठरत नाही. मघाशी सवयीनं पट्टी घेऊन शिक्का मोजला. जेमतेम दोन इंच. त्या दोन इंचांत सगळं बसलंय. आबांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, आडनाव, मुलगा, गाव, काही म्हणजे काही गाळावं लागलेलं नाही. सुधाकर, तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा तुला खरं उत्तर दिलं नाही, ते आता देतो. नाव लांब नव्हतं. तुझ्याकडे नव्या पाटीची ती सुरळी घेऊन येण्याआधी मी ते पट्टीनं मोजून पाहिलं होतं. पाटीवर ते नीट बसत होतं, आणि दोन्ही बाजूंना वीत-वीत जागा उरत होती.